वाडा, वाटणी आणि बिऱ्हाड : तंजावरातील जुन्या घरांचा उत्तरकाल

१

तंजावरच्या मराठी वाङ्मयाचा इतिहास बहुतांशी दरबाराचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तंजावरला राज्य स्थापिले आणि दुसरे शिवाजीराजे १८५५ मध्ये निपुत्रिक वारले. या दोन टोकांमध्ये शहाजीराजांची नाटके, दुसऱ्या सरफोजीराजांचा ग्रंथसंग्रह आणि बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ मध्ये कोरलेला भोसले वंशाचा विस्तृत मराठी शिलालेख बसविला की प्रकरण पुरे झाले असे मानण्याचा प्रघात आहे. दरबार संपला तेथे वाङ्मयेतिहास थांबतो.

घर मात्र तेथे थांबले नाही. राजा गेल्यानंतरही राजवाडा उभा होता. त्यात माणसे राहत होती, त्याच्या गच्च्या गळत होत्या, आणि त्याचे करावयाचे काय हा प्रश्न राण्यांपुढे, कलेक्टरांपुढे आणि न्यायालयांपुढे येत होता. किल्ल्यातील मुख्य वीथींवर आणि कुंभकोणच्या अग्रहारांत दरबाराच्या आश्रयाने वसलेल्या मराठी कुटुंबांची घरेही होती. पुढील पिढ्या नोकरीसाठी मद्रासला व अन्यत्र गेल्या, तेव्हा त्या घरांपुढेही हाच प्रश्न उभा राहिला. एका कुटुंबासाठी बांधलेले मोठे घर अनेकांच्या वस्तीसाठी कसे विभागावे, कसे दुरुस्त करावे आणि कोणाच्या खर्चाने? हा प्रश्न वरवर पाहता स्थापत्याचा किंवा दिवाणी कायद्याचा वाटतो. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे की, तो वाङ्मयाच्या इतिहासाचाही प्रश्न आहे. कारण तंजावरातील मराठी लेखन ज्या कागदांवर टिकले ते कागद घरांत होते, आणि घरांच्या वाटण्या ज्या रीतीने झाल्या त्या रीतीनेच कागदांचे भवितव्य ठरले.

२

तंजावरचा राजवाडा मुळातच एका हाताचे बांधकाम नाही. सोळाव्या शतकात नायक राजांनी त्याचा आरंभ केला. मराठ्यांनी नायकांचे महाल पाडले नाहीत. ते वापरले, दुरुस्त केले आणि त्यांना लागून आपले बांधले. म्हणजे मराठे स्वतःच एका जुन्या घरात राहावयास आलेले नवे रहिवासी होते. त्यांनी नायकांकडून केवळ भिंती घेतल्या नाहीत, तेलुगू यक्षगानाची परंपराही घेतली. शहाजीराजांच्या 'पंचभाषाविलास' नाटकात संस्कृत, मराठी, तमिळ, तेलुगू आणि हिंदी अशा पाच भाषा एकत्र नांदतात. सरफोजीराजांच्या 'देवेंद्र कुरवंजी'त तमिळ कुरवंजीच्या घाटात मराठीतून भूगोल सांगितला जातो. जुन्या घाटात नवी वस्ती करण्याची ही रीत वास्तूत आणि वाङ्मयात एकाच वेळी चालू होती.

राजवाड्याच्या भागांची नावेही हीच साक्ष देतात. सदर, माडी, महाल, विलास हे शब्द मराठी कानाला परके नाहीत. त्यांपैकी 'सदर' आणि 'महाल' हे फारसी-अरबीच्या वाटेने दख्खनच्या कारभारातून आले. 'विलास' संस्कृत आहे. 'माडी' हा शब्द मराठीत, कानडीत आणि तमिळात सारखाच चालतो. तो उच्चारताना तंजावरच्या माणसाला आपण कोणती भाषा बोलत आहोत हे ठरविण्याची गरजच पडत नसे. कुटुंबाची श्रेणीही वास्तूच्या रचनेत उतरलेली होती. विवाहित राण्यांचा निवास वेगळा, आणि तलवारीशी लग्न लावून आणलेल्या स्त्रियांचा वेगळा. शिवाजीराजांच्या अशा स्त्रियांसाठी 'मंगलविलास', तर सरफोजीराजांच्या काळी तिरुवैयारूला 'कल्याणमहाल' असे स्वतंत्र निवास होते. देवेश सोनेजी यांच्या २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दक्षिणेतील देवदासींवरील ग्रंथाने या निवासांतील स्त्रियांकडे आणि त्यांच्या कलेकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. येथे इतकेच नोंदवावयाचे की, पुढे घराच्या वाटणीचा प्रश्न निघाला तेव्हा कुटुंबात कोण मोडते हा प्रश्न प्रथम निघाला, आणि त्याचा आराखडा वास्तूत आधीच आखलेला होता.

३

२५ ऑक्टोबर १७९९ च्या तहाने तंजावर राज्याचा कारभार कंपनी सरकारकडे गेला. सरफोजीराजांकडे किल्ला, थोडा परिसर, वार्षिक एक लक्ष पॅगोडा आणि निव्वळ महसुलाचा पाचवा हिस्सा एवढे उरले. या तहाचा एक परिणाम सहसा दुर्लक्षित राहतो. राज्य गेल्यामुळे राजवाडा हेच राज्य झाले. पूर्वी प्रदेशावर होणारा खर्च आता घरावर, ग्रंथांवर, छत्रांवर आणि देवस्थानांवर होऊ लागला. सरस्वती महालाची भरभराट याच काळातली आहे.

शिवाजीराजे २९ ऑक्टोबर १८५५ रोजी वारले. पुत्र नसल्याने कंपनीने राज्यपद खालसा झाल्याचे ठरविले, आणि ऑक्टोबर १८५६ मध्ये कमिशनर फोर्ब्ज यांनी राजवाड्यासह खाजगी मालमत्ताही ताब्यात घेतली. ज्येष्ठ राणी कामाक्षीबाईसाहेब यांनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दाद मागितली व तेथे त्यांना यश आले. परंतु १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो निर्णय फिरविला. मालमत्तेची जप्ती हे सार्वभौम सत्तेचे कृत्य असल्याने ते न्याय्य होते की अन्याय्य हे तपासण्याचा अधिकार दिवाणी न्यायालयाला नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. राजकृत्याच्या सिद्धांतासाठी हा खटला आजही विधीच्या विद्यार्थ्यांना शिकविला जातो. तो एका घराविषयीचाही खटला होता, हे मात्र पाठ्यपुस्तकांत राहत नाही.

न्यायालयात हरलेले घर १८६२ मध्ये सरकारच्या कृपेने परत मिळाले. परतीच्या हुकुमाची रचना लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. व्यवस्था ज्येष्ठ राणीकडे राहावी. इतर राण्यांना त्यांच्या योग्यतेप्रमाणे मालमत्तेचा उपभोग मिळेल अशी तजवीज तिने करावी. शेवटची राणी निवर्तल्यावर राजकन्येकडे, व ती नसल्यास राजाच्या पुढच्या वारसांकडे मालमत्ता जावी. १८६८ मध्ये राण्यांमधील वाद मद्रास उच्च न्यायालयापुढे आला. सहविधवांचा हक्क संयुक्त आणि हयातीपुरता आहे, एक वारल्यास तिचा हिस्सा उरलेल्यांकडे जातो, उपभोग मात्र सर्वांना समान, असे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले. हिंदू विधीच्या ग्रंथांत सहविधवांच्या हक्कांसंबंधी हा निवाडा पुढे सातत्याने आधारास घेतला गेला. उपभोगाच्या सोयीसाठी सहविधवांनी मालमत्तेचे वेगवेगळे भाग ताब्यात ठेवावेत, परंतु त्यामुळे मूळ संयुक्त हक्क मोडू नये, ही व्यवस्थाही त्या काळच्या न्यायालयांना मान्य होती.

येथे घराच्या इतिहासाला वळण मिळाले. ज्याच्या हाती घर आहे त्याची मालकी हयातीपुरती, आणि ज्याची मालकी पुढे पक्की होणार तो आज घरात नाही. हिंदू विधवेला मालमत्ता विकण्याचा किंवा तारण ठेवण्याचा अधिकार कायदेशीर गरजेपुरताच असे. पडत्या भिंतीची दुरुस्ती गरजेत मोडे. परंतु जुन्या दालनांचे नव्या वस्तीसाठी रूपांतर करावे तर तो खर्च गरजेचा की हौसेचा, असा आक्षेप भावी वारस घेऊ शकत. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने स्त्रियांची ही मर्यादित मालकी पूर्ण केली. तोपर्यंत अशा घरांत ठिगळाची दुरुस्ती शक्य होती, पुनर्रचना कठीण होती. मोठी घरे आळसामुळे पडली असे म्हणण्याची सवय आहे. अनेकदा ती कागदावरील एका वाक्यामुळे पडलेली असतात.

४

शेवटच्या राणीच्या मृत्यूनंतर अपेक्षेप्रमाणे दावे उभे राहिले. त्यांपैकी १९२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने निकालात काढलेला 'कोल्हापूरचे महाराज विरुद्ध सुंदरम अय्यर' हा दावा मराठी अभ्यासकांना परिचित असावयास हवा, तितका तो नाही. तंजावरच्या राजवाड्याच्या इस्टेटीवर कोल्हापूरच्या छत्रपतींनीही भोसले कुळाच्या नात्याने हक्क सांगितला होता. दुसरीकडे तलवारीशी लग्न लागलेल्या स्त्रियांच्या वंशजांचा प्रश्न होता. त्या स्त्रिया विवाहित राण्या की उपस्त्रिया, त्यांची संतती वारस की केवळ पोटगीची धनी, भोसल्यांचा वर्ण कोणता आणि त्यांना कोणती स्मृती लागू, या प्रश्नांचा काथ्याकूट न्यायालयात झाला. महाराष्ट्रात जो वाद वेदोक्त प्रकरणाने सामाजिक रंगभूमीवर आणला होता, तो तंजावरात एका घराच्या वाटणीच्या निमित्ताने मद्रासच्या न्यायालयात चालला.

हा वाद चालू असतानाच एक घटना घडली. राजघराण्याच्या वारसांनी सरस्वती महालावरील आपला हक्क सोडून तो लोकार्पण केला, आणि ५ ऑक्टोबर १९१८ रोजी मद्रास सरकारने तो सार्वजनिक ग्रंथालय म्हणून आपल्या ताब्यात घेतला. बाकी सर्व मालमत्तेसाठी जेथे इंच-इंच मोजला जात होता, तेथे हजारो हस्तलिखिते वाटणीतून बाहेर काढली गेली. ती वाटली गेली असती तर काय झाले असते याची कल्पना करावयास फार लांब जावे लागत नाही. मराठी मुलखातील कितीतरी घराण्यांच्या बाडांची गोष्ट तीच आहे. आर्थर बर्नेल यांनी १८८० मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूचीच्या शीर्षकात या संस्कृत हस्तलिखितांचा निर्देश 'तंजावरच्या राजवाड्यातील' असा आहे. पी. पी. एस. शास्त्री यांची वर्णनात्मक सूची १९२८ पासून प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा तोच संग्रह ग्रंथालय झाला होता. दोन सूचींच्या दरम्यान एका घरातील खोली सार्वजनिक झाली.

या ग्रंथालयात नंतर जंबुनाथ भट लांडगे, कागलकर आणि पतंग अवधूत यांचे खाजगी संग्रहही आले. ही नावे तंजावर-कुंभकोण भागातील विद्वान घराण्यांची आहेत. म्हणजे सरस्वती महाल हा केवळ राजाचा संग्रह नाही. शेजारच्या घरांतून निघालेल्या ग्रंथांनाही त्याने आसरा दिला. तेथील सुमारे तीन हजार मराठी हस्तलिखितांकडे पाहताना ती कोणत्या दालनातून, कोणत्या कोठीतून आली असतील हा प्रश्न विचारला जावा, तो क्वचितच विचारला जातो.

राजवाड्याच्या उरलेल्या भागांची गतही वापरावरून ठरली. नायकांच्या दरबार महालात १९५१ मध्ये कलादालन सुरू झाले. जॉन फ्लॅक्समनने घडविलेला सरफोजीराजांचा संगमरवरी पुतळा तेथेच आहे. काही भागांत कचेऱ्या आल्या, काहींत शाळा, काहींत वंशजांची घरे राहिली. एकाच परकोटात ग्रंथालय, संग्रहालय, सरकारी दप्तर आणि चूल नांदू लागली. काही अंतरावरील बृहदीश्वर मंदिराला १९८७ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. मंदिराचा धनी देव असतो. त्याची हयात संपत नाही आणि त्याची वाटणी होत नाही. घराचे तसे नसते. म्हणूनच जतनाची जी भाषा मंदिराला सहज लागू पडते ती घराला लागू करताना अडखळते.

५

राजवाड्यात जे मोठ्या प्रमाणावर घडले तेच किल्ल्यातील वीथींवरील आणि कावेरीकाठच्या अग्रहारांतील घरांत लहान प्रमाणावर घडले. या घरांची ठेवण तमिळ आहे. रस्त्याला लागून तिण्णै म्हणजे ओटा, आत रेळि ही अरुंद वाट, मग उघडा मुट्रम म्हणजे चौक, त्याभोवती कूडम म्हणजे माजघर, मागे स्वयंपाकघर, विहीर आणि परसू. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्याशी सामाईक, त्यामुळे घर रुंदीला कमी आणि लांबीला फार. मराठी कुटुंबे या घरांत राहिली. तमिळ शेजाऱ्यांनी त्यांना 'रायर' म्हटले, आणि घरात मराठी, दारात तमिळ अशी भाषेची वाटणी ओट्याच्या उंबऱ्यावर झाली. सर टी. माधवराव १८२८ मध्ये कुंभकोणला अशाच तमिळभाषक परिसरातील मराठी समाजात जन्मले आणि त्रावणकोर, इंदूर व बडोदे या संस्थानांचे दिवाण झाले. ज्यांनी नाव काढले ते बहुधा घर सोडून गेले, आणि मागे राहिलेले घर भाड्याने देणे ओघानेच आले.

भाडेवस्तीचे शब्द तुलनेच्या दृष्टीने उद्बोधक आहेत. तमिळातील 'वाडगै' आणि मराठीतील 'भाडे' हे दोन्ही शब्द संस्कृत 'भाटक' पर्यंत मागे नेता येतात. त्याहून जुन्या वळणाचा तमिळ शब्द 'कुडिक्कूलि'. त्यात 'कुडि' म्हणजे वस्ती, कुटुंब आणि रयत हे तिन्ही अर्थ मिसळलेले आहेत. एका घरात अनेक कुटुंबांनी दाटीवाटीने भाड्याने राहण्याला तमिळात 'ओण्डुक्कुडित्तनम्' म्हणतात; 'ओण्डु' मध्ये आसऱ्याला येण्याचा, चिकटून राहण्याचा भाव आहे. पुढे घराच्या अशा तुकड्याला 'पोर्शन' हा इंग्रजी शब्द तमिळात इतका रुळला की तो आता परका वाटत नाही.

मराठीत याच जागी 'बिऱ्हाड' हा शब्द आहे. तो कानडी 'बिडार' शेजारी ठेवून पाहावा असा आहे. बिऱ्हाड म्हणजे जागा नव्हे, माणसे आणि त्यांचे सामान. म्हणून ते 'पाठीवर' असू शकते. तमिळ शब्दाचा रोख आश्रय घेण्यावर आहे, इंग्रजी शब्दाचा तुकड्यावर, मराठी शब्दाचा हलण्यावर. एकाच सामाजिक व्यवहाराकडे तीन भाषा तीन बाजूंनी पाहतात. तंजावरचा मराठी माणूस या तिन्ही शब्दांच्या हद्दीवर राहत आला. तो कधीकाळी उत्तरेकडून बिऱ्हाड घेऊन आला, घरमालक झाला, आणि शेवटी त्याच्याच घरात ओण्डुक्कुडित्तनम् सुरू झाले.

६

मोठे घर भाड्यासाठी लावणे म्हणजे मधे आडभिंती घालणे, अशी समजूत असते. प्रत्यक्षात प्रथम चार गोष्टींचा निकाल लावावा लागतो : येण्याजाण्याची वाट, पाणी, मोरी-संडास आणि चुलीचा धूर. तंजावरी घर लांबट असल्याने मागच्या कुटुंबाला पुढच्या कुटुंबाच्या माजघरातून जावे लागते. मग रेळि ही सर्वांची सामाईक वाट ठरते, किंवा परसाच्या बाजूने दुसरे दार काढावे लागते. विहीर एकच असते. तिच्या पाण्याला पाळ्या लागतात. चौक हा उजेडाचा आणि वाऱ्याचा एकमेव स्रोत. जागा वाढविण्याच्या लोभाने तो पत्र्याने झाकला की भोवतालच्या सर्व खोल्या अंधारतात आणि दमट होतात. ओट्याला जाळी लावून खोली केली की रस्त्याशी असलेला घराचा संवाद संपतो.

छपराचा प्रश्न याहून गंभीर आहे. दक्षिणेतील जुन्या गच्चीची रचना विशिष्ट आहे. सागवानी तुळयांवर पातळ विटा तिरप्या ओळीत उभ्या बसवितात, चुन्यात सांधतात, वर वीटखडी व चुन्याचा थर ठोकून घट्ट करतात आणि शेवटी चपट्या फरश्या लावतात. चुन्यात हिरड्याचे पाणी आणि गूळ मिसळण्याची पद्धत होती. अशी गच्ची आपले ओझे सरळ भिंतींवर टाकते. तिच्यावर मध्येच नवी विटांची आडभिंत उभी केली की तुळया वाकतात. तुळयांची भिंतीत शिरलेली टोके ओल आणि वाळवी यांना सर्वांत आधी बळी पडतात, आणि ती टोके गिलाव्याआड असल्याने नजरेला पडत नाहीत. चुन्याची भिंत ओल शोषते आणि बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा केला की ओल आतच कोंडते, आणि वरून नवी दिसणारी भिंत आतून भुसभुशीत होत जाते. भाडेकरू येण्यापूर्वी घाईने केलेली रंगसफेदी ही बहुधा याच प्रकारची दुरुस्ती असते.

यावरून जुने घर भाड्याने देऊच नये असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. रिकामे घर वस्तीच्या घराआधी पडते. कौल सरकले तर ते कोणीतरी पाहावे लागते, पन्हाळीतला पाला कोणीतरी काढावा लागतो. भाडेकरू हा जुन्या घराचा पहारेकरी असू शकतो. प्रश्न एवढाच उरतो की, पाहिलेल्या गळतीची दुरुस्ती कोणी करावयाची.

७

या प्रश्नाचे उत्तर विसाव्या शतकात कायद्याने दिले, आणि ते अपुरे दिले. मुंबई प्रांतात १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाणित भाड्यासाठी १ सप्टेंबर १९४० ही आधाररेषा धरली. मद्रास प्रांतात १९४९ चा आणि नंतर १९६० चा भाडे नियंत्रण कायदा आला. युद्धोत्तर टंचाईत भाडेकरूला रस्त्यावर येण्यापासून वाचविणे हा या कायद्यांचा हेतू रास्त होता. परंतु भाडे गोठले आणि चुना, लाकूड, मजुरी यांचे भाव गोठले नाहीत. दुरुस्तीची जबाबदारी मालकाची राहिली. तिचा खर्च भागविणारे उत्पन्न मात्र राहिले नाही.

पुण्यातील वाड्यांचा इतिहास याची दुसरी बाजू दाखवितो. मुंबईची चाळ भाड्यासाठीच बांधली गेली. पुण्याचा वाडा एका कुटुंबासाठी बांधला गेला आणि मग बिऱ्हाडांनी भरला. दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा शाळा-कचेऱ्यांच्या वापरामुळे टिकून राहिला; खाजगी वाडे भाडेकरूंनी गजबजले आणि दुरुस्तीविना खचले. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराने नदीकाठचे कितीतरी वाडे एका दिवसात जमीनदोस्त केले. तंजावर आणि पुणे यांच्यात स्थापत्याचे साम्य थोडे आहे, पण वाटणीचे तर्कशास्त्र एकच आहे. सार्वजनिक वापराला दिलेला भाग टिकला. ज्या भागात मालक, रहिवासी आणि दुरुस्तीचा धनी हे तीन वेगळे झाले आणि त्यांच्यात करार राहिला नाही, तो भाग खचला.

महाराष्ट्रात १९९९ चा भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. तमिळनाडूत २०१७ चा नवा कायदा फेब्रुवारी २०१९ पासून अमलात आला; त्याने लेखी करार आणि त्याची नोंदणी आवश्यक केली. १८६२ च्या हुकुमाने ज्येष्ठ राणीवर टाकलेली जबाबदारी सद्भावावर विसंबून होती. नव्या कायद्याने ती कागदावर आणली. घर कोणी सांभाळावयाचे हे आता निदान लिहून ठेवता येते.

८

एका गोष्टीची नोंद मात्र कोणत्याही भाडेकरारात होत नाही. घर बिऱ्हाडांसाठी लावावयाचे ठरले की प्रथम माळे, कोठ्या आणि भिंतीतील फडताळे रिकामी होतात. तेथे जमाखर्चाच्या वह्या, पत्रे, कीर्तनाची पदे, औषधांच्या याद्या आणि लग्नाच्या खर्चाचे टिपण असते. तंजावरात यांतील पुष्कळसे मोडीत आहे. घरातील आजची पिढी मराठी बोलते, पण लिहिण्या-वाचण्याची तिची लिपी बहुधा तमिळ आहे. मोडी वाचणारा घरात नसतो. त्यामुळे तो कागद रद्दी आहे की दस्तऐवज हे ठरविणाराही घरात नसतो. राजवाड्याच्या दप्तरातील मोडी कागदांचे भाग्य बरे म्हणावयाचे. तमिळ विद्यापीठाने त्यांतील निवडक कागदांचे तमिळ भाषांतर टिपांसह १९८९ मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध केले. मराठी राजांचा घरखर्च आज मराठी वाचकापेक्षा तमिळ वाचकाला अधिक सुलभ आहे, ही वस्तुस्थिती तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाला विचार करावयास लावणारी आहे. त्या खंडांच्या मराठी आवृत्तीची निकड त्यातूनच स्पष्ट होते.

वीथींवरील घरांना असे विद्यापीठ लाभलेले नाही. त्यांतील कागद प्रत्येक दुरुस्तीगणिक कमी होत आहेत. वाङ्मयेतिहासाची साधने गोळा करताना ग्रंथालय हे एकक धरण्याची पद्धत आहे. तंजावरच्या बाबतीत घर हे एकक धरले तर चित्र बदलते. लांडगे, कागलकर, अवधूत यांचे संग्रह एकेकाळी घरातच होते, आणि कोणीतरी वेळीच ते दान केले म्हणून आज ते 'साहित्य' आहेत. जे दिले गेले नाहीत ते अजून 'अडगळ' आहेत. या दोन शब्दांमधील अंतर लेखनाच्या गुणावर अवलंबून नाही. ते घराच्या वाटणीत कागदांना कोणता हिस्सा मिळाला यावर अवलंबून आहे.

यावर उपाय खर्चिक नाही. घर दुरुस्तीला काढण्यापूर्वी जसा तुळयांचा आणि ओलीचा तपास होतो तसा कागदांचा तपास व्हावा. माळ्यावरून काढलेल्या प्रत्येक गाठोड्यावर ते कोणत्या खोलीत, कोणत्या फडताळात सापडले याची चिठ्ठी असावी. कारण देवघरातील पदांची वही आणि कचेरीच्या खोलीतील वही यांचा संदर्भ वेगळा असतो, आणि एकदा एकत्र झाल्यावर तो परत मिळत नाही. मोडी जाणणाऱ्याने नजर टाकेपर्यंत काही फेकू नये. मूळ कागद कुटुंबाकडेच राहिले तरी त्यांची छायाप्रत सार्वजनिक संग्रहात जावी. घर भाड्याने जावे, त्यात नवी कुटुंबे यावीत, कदाचित त्यांतील एकही मराठी नसावे. त्याने बिघडत नाही. नायकांच्या घरात मराठे असेच आले होते.

१८६२ मध्ये घर परत मिळाले, आणि शेवटच्या राणीनंतर ते कोणाकडे जावे हेही हुकुमात होते. तरी त्याच्या वाटणीत पिढ्या गेल्या. १९१८ मध्ये त्याच घरातील एक दालन वाटणीतून वगळले गेले, आणि तंजावरचे मराठी वाङ्मय आज ज्याच्या आधारे अभ्यासता येते ते त्या दालनात आहे. भांडणाऱ्या वारसांनी एका गोष्टीपुरते एकमत केले, त्याचे हे फळ आहे. वीथींवरील ज्या घरांची आज डागडुजी चालू आहे त्यांच्या मालकांपुढे तोच निर्णय लहान प्रमाणात उभा आहे. भिंती कशाही विभागल्या तरी माळ्यावरचे गाठोडे अखंड ठेवणे त्यांच्या हाती आहे.